पाहिजे तसला नेक आणि पाहिजे तो पिकअप : बेळगाव भागात राहून हटके इलेक्ट्रिक गिटार कशी शोधायची

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, आपल्या भागातलं कुठलंही म्युझिकचं दुकान घ्या, इलेक्ट्रिक गिटार मागितली की भिंतीवरून जी खाली येते ती बहुतेक करून एकाच साच्यातली असते. स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर) टाइपची बॉडी, साडेपंचवीस इंचाची स्केल म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी, नटपाशी (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ४२ मिमीच्या आसपास रुंदी, पातळसर मेपलचा नेक म्हणजे दांडा, आणि पिकअप, म्हणजे तारेखालचं आवाज पकडणारं चुंबकी यंत्र, तीन सिंगल कॉइल (एका गुंडाळीचे), नाहीतर दोन सिंगल आणि ब्रिजला (बॉडीवर तारा टेकतात तिथं) एक हंबकर म्हणजे दोन गुंडाळ्यांचा. शिकायला झकास, त्यात काही वाईट नाही. पण एखाद्याला रुंद नेक पाहिजे आणि नेकपाशी पी-९० (सिंगल कॉइलचाच मोठा, जाड आवाजाचा प्रकार) पाहिजे, किंवा छोटी स्केल आणि ब्रिजला टेलीचा (टेलीकास्टरचा) करकरीत सिंगल कॉइल, किंवा चोवीस फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि पी-९०, तर दुकानदार म्हणतो मागवून देतो की, आणि महिन्याने परत तीच मागची गिटार वेगळ्या रंगात येते. हल्ली बरेच जण विचारायलेत की असली गिटार मिळते तरी कुठं, म्हणून सगळं एकदाच नीट लिहून काढतोय.

आधी हे समजून घ्या की असली जोडी दुर्मिळ का असते, म्हणजे शोधायचं कसं तेही आपोआप कळतं. इलेक्ट्रिक गिटारच्या जगात सुरुवातीपासून दोन मोठे प्रवाह आहेत. एक फेंडरचा: १९५० ला ब्रॉडकास्टर आली, १९५१ ला तिचं नाव टेलीकास्टर झालं, १९५४ ला स्ट्रॅटोकास्टर. नेक स्क्रूने बसवलेला, स्केल साडेपंचवीस इंच म्हणजे ६४८ मिमी, पिकअप सिंगल कॉइल. दुसरा गिब्सनचा: नेक चिकटवलेला, स्केल पावणेपंचवीस इंच म्हणजे ६२८ मिमीच्या जवळ, पिकअप १९४६ पासून पी-९० आणि १९५७ पासून सेथ लव्हर यांनी काढलेला हंबकर. नंतर आलेल्या बहुतेक कंपन्यांनी या दोनपैकी एक साचा धरला आणि त्यातच थोडं इकडं तिकडं केलं. त्यामुळे एका प्रवाहातला नेक आणि दुसऱ्या प्रवाहातला पिकअप मागितला की तयार गिटारी एकदम कमी होतात. आणि नटची रुंदी ४४ मिमीच्या वर मागितली तर दोन्हीकडं हात रिकामे, कारण दोन्ही प्रवाहांत ती ४१ ते ४३ मध्येच फिरते. यामाहा पॅसिफिका ११२ ची तर ४१ च आहे.

आता माझं मुख्य म्हणणं ऐका, बाकी सगळं याच्यावर उभं आहे: आधी नेक शोधा, पिकअप मागून बघा. बहुतेक लोक उलटं करतात, पी-९० असं टाकून सर्च मारतात, फोटो आवडतो, घेतात, आणि दोन महिन्यांनी हात दुखतो म्हणून विकायला काढतात. पिकअप हा सोल्डरिंग आयर्न आणि एका संध्याकाळचा मामला आहे, नेक तसा नाही, चिकटवलेला असेल तर तो गिटारीबरोबर जन्मभर राहतो. नेक आणि पिकअपच्या मध्ये येतं ते बॉडीतलं कोरीवकाम, म्हणजे पिकअप बसायचा खड्डा, तो मोठा करता येतो पण लहान करता येत नाही. तेव्हा जे बदलायला सगळ्यात अवघड ते आधी पक्कं करा.

नेक पक्का करायचा म्हणजे मोजायचा. "जाड पाहिजे", "कम्फर्टेबल पाहिजे" असं बोलून काही होत नाही, समोरच्याचं जाड वेगळं आणि तुमचं वेगळं. तुम्हाला जी गिटार हातात बरी वाटते, मित्राची असेल, क्लासमधली असेल, चर्चमधली असेल, अगदी अकूस्टिक असली तरी चालेल, ती गाठा आणि व्हर्नियरने (जाडी मोजायच्या जबड्यांच्या पट्टीने) मोजून घ्या. बेळगावात व्हर्नियर मागायला लाजू नका, उद्यमबागेत, आपल्या औद्योगिक वसाहतीत, काम करणारा कोणीतरी प्रत्येक गल्लीत आहेच, आणि त्याच्या हाताला मोजायची सवय तुमच्यापेक्षा जास्त असते. नटपाशी रुंदी मोजा. मग पहिल्या फ्रेटपाशी आणि बाराव्या फ्रेटपाशी फिंगरबोर्ड धरून मागपर्यंतची जाडी मोजा, व्हर्नियरचा जबडा तारांच्या मधून फिंगरबोर्डच्या लाकडावर टेकवायचा, फ्रेटवर टेकवला तर एक मिमी जास्त येतो आणि पुढचा सगळा हिशोब चुकतो. पहिल्या फ्रेटला १९-२० मिमी असेल तर पातळ, २१-२२ मध्यम, २३ च्या वर गेला तर भरीव. आयबानेझचे सुपर विझार्ड नेक तर १७ मिमीपर्यंत पातळ असतात.

स्केल मोजायला पूर्ण लांबी मोजू नका, कारण ब्रिजवरच्या सॅडल, म्हणजे प्रत्येक तार टेकते ते तुकडे, पुढंमागं असतात. नटच्या आतल्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. ३२४ आलं तर फेंडरवाली, ३१४ च्या आसपास आलं तर गिब्सनवाली, ३१७ च्या आसपास आलं तर पीआरएस कंपनीवाली पंचवीस इंची, आणि ३०५ आलं तर फेंडरच्या जॅग्वार-मस्टँगवाली चोवीस इंची. ऐकायला फरक थोडा वाटतो पण त्याच नंबरच्या तारा आणि तेच ट्युनिंग ठेवलं तर साडेपंचवीसपेक्षा पावणेपंचवीसवर ताण साधारण ६ टक्के कमी येतो आणि चोवीसवर ११ टक्के. बेंड मारताना, म्हणजे तार आडवी ओढून सूर चढवताना, हे बोटाला लगेच कळतं.

फिंगरबोर्डची गोलाई, म्हणजे रेडियस, हा चौथा आकडा. जुन्या फेंडरची सव्वासात इंच, हल्लीच्या बहुतेकांची साडेनऊ, गिब्सनची बारा, आयबानेझची पावणेसोळाच्या आसपास. आकडा जितका मोठा तितका बोर्ड सपाट. कॉर्ड जास्त वाजवणाऱ्याला गोल बरा पडतो, मोठे बेंड मारणाऱ्याला सपाट. हे चार आकडे कागदावर आले की शोध अर्धा झाला समजा, आणि प्रत्येक आकड्यापुढं किती चालवून घ्याल तेही लिहा. रुंदीत अर्धा मिमी कमी चालेल का? जाडीत एक मिमी? आत्ताच ठरवा, विकणाऱ्यासमोर बसल्यावर माणूस सगळंच चालवून घेतो.

पिकअपकडं येऊ. इथं दोन गोष्टी लोक एकत्र करतात, आवाज कुठला पाहिजे ते आणि खड्डा कुठल्या आकाराचा आहे ते. आवाज पी-९० चा पाहिजे म्हणून खड्डा पी-९० चाच पाहिजे असं काही नाही. हंबकरच्या मापाच्या खोक्यात बसवलेले पी-९० बऱ्याच कंपन्या करतात, म्हणजे नेकपाशी हंबकर असलेली कुठलीही गिटार पी-९० ची उमेदवार झाली. त्यांचा आवाज मूळ मोठ्या खोक्यातल्या पी-९० पेक्षा किंचित बारीक लागतो असं माझं मत आहे, पण बँडमध्ये ड्रम सुरू झाल्यावर कोणाला कळत नाही. उलट दिशेनेही चालतं, सिंगल कॉइलच्या बारीक खड्ड्यात बसणारे दोन पट्टीवाले हंबकर मिळतात, सेमूर डंकनचे हॉट रेल्स आणि डिमार्झिओचे फास्ट ट्रॅक तर जुनेच आहेत. फक्त खरा मोठा पी-९० सिंगल कॉइलच्या खड्ड्यात कोरल्याशिवाय बसत नाही, आणि कोरायचं म्हटलं की राउटर आणि चांगला हात पाहिजे. सोपाचा (सोपबार, साबणाच्या वडीसारखा) प्रकार आणि कानवाला (दोन्ही टोकांना कान असलेला) प्रकार, पी-९० चे हे दोन कव्हर वेगळे असतात, कानवाला वरून स्क्रूने बॉडीला बसतो आणि सोपाच्या खड्ड्यावर जातो तर खड्डा झाकून टाकतो, उलटं केलं तर मात्र कानांची भोकं उघडी पडतात.

आपल्याकडं एक गोष्ट जास्त लक्षात घ्यावी लागते ती म्हणजे गुणगुण. सिंगल कॉइल आणि पी-९० दोन्ही ५० हर्ट्झची गुणगुण ओढतात, घरी खोलीत ती चालून जाते, पण गणपतीच्या मांडवात एका बाजूला लाइटिंगच्या माळा, दुसऱ्या बाजूला डिमर, मागं जनरेटर आणि अर्थिंग कुठं जोडलंय ते कोणालाच माहीत नाही, तिथं पी-९० बोंबलायला लागतो. तुमचं वाजवणं असल्या ठिकाणी जास्त असेल तर एकतर दोन कॉइलचा, गुणगुण न करणारा पी-९० बघा, किंवा गिटारीतले दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले आहेत का ते विचारा, म्हणजे मधल्या पोझिशनला तरी शांतता मिळते.

आणि चोवीस फ्रेटवाल्यांसाठी. एकवीस-बावीस फ्रेटच्या गिटारीत नेकचा पिकअप जिथं असतो ती जागा म्हणजे चोविसावा फ्रेट असता तर साधारण तिथंच. चोवीस फ्रेट दिले की पिकअप ब्रिजकडं सरकतोच, दुसरा मार्ग नाही, आणि तो जाडा गोल आवाज थोडा कमी होतो. त्यामुळे चोवीस फ्रेट पण पाहिजेत आणि नेकला जुन्या ब्लूजवाला गोडवा पण पाहिजे असं मागणाऱ्याने या दोन्हीतलं एक निवडावं, पैसे वाचतील.

बरं, कागद तयार झाला. आता तीन वाटा आहेत.

पहिली वाट, जशी पाहिजे तशीच तयार गिटार मिळवणं. वाटतं तेवढं अशक्य नाही, फक्त नावं माहीत पाहिजेत. चिकटवलेला नेक, छोटी स्केल आणि पी-९० पाहिजे तर यामाहा रेव्हस्टारमधलं आरएसएस०२टी बघा, एपिफोनची पी-९० वाली लेस पॉल स्पेशल बघा, पोकळ बॉडी चालत असेल तर एपिफोन कॅसिनो बघा, पण कॅसिनोचा नेक सोळाव्या फ्रेटपाशीच बॉडीला लागतो, वरचे फ्रेट वाजवणाऱ्याला अडचण होते. लांब स्केल, स्क्रूवाला नेक आणि नेकपाशी हंबकर पाहिजे तर १९७२ च्या टेलीकास्टर कस्टमच्या नमुन्यावर काढलेल्या गिटारी बघा, त्यातला वाइड रेंज हंबकरही त्याच सेथ लव्हर यांचा, गिब्सन सोडून फेंडरकडं गेल्यावर केलेला. एकदम छोटी स्केल आणि सिंगल कॉइल पाहिजे तर मस्टँग आणि जॅग्वारच्या वंशातल्या स्क्वायर (फेंडरचाच स्वस्त ब्रँड). रुंद नेकवाल्यांसाठी मात्र एक युक्ती सांगतो जी कमी लोकांना माहीत आहे. सात तारांची गिटार घ्या. तिचा नट साधारण ४८ मिमी असतो, सहा तारांसाठी खाचा पाडलेला नवीन नट बसवला की अंगठ्याएवढ्या बोटांच्या माणसालाही मोकळं होतं. एक ट्यूनर रिकामा राहतो, राहू द्या. ब्रिजवर तारा सातपैकी कुठल्या सहा सॅडलवर घ्यायच्या ते आधी बघा, आणि पिकअपला तारेखाली वेगवेगळे खिळे नसून सलग पट्टी असेल तर सगळ्यात बरं, कारण पट्टीवर तार कुठंही आली तरी आवाज सारखा येतो.

दुसरी वाट, नेक बरोबर असलेली गिटार घेऊन पिकअप बदलणं. दहातल्या आठ जणांनी हीच धरावी असं मी सांगेन. स्वस्त पडते, आणि वाजवून बघून घेता येते.

तिसरी वाट, बॉडी आहे आणि नेक बदलायचा. हे स्क्रूवाल्या नेकलाच जमतं, आणि इथं गणित समजून घ्या नाहीतर पैसे पाण्यात. नियम एकच आहे: नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत जेवढं अंतर, तेवढंच बाराव्या फ्रेटपासून ब्रिजच्या सॅडलपर्यंत पाहिजे. साडेपंचवीसच्या बॉडीवर कुठलाही छोट्या स्केलचा नेक उचलून लावला तर ब्रिज जागेवर राहतो आणि फ्रेट चुकीच्या ठिकाणी येतात, खुली तार सुरात आणि पाचव्या फ्रेटला बेसूर, कितीही सॅडल फिरवा. यासाठी वेगळा कन्व्हर्जन नेक येतो, त्यात फ्रेट असे मांडलेले असतात की फेंडरच्या बॉडीवर, आहे त्या ब्रिजला, पावणेपंचवीसची स्केल बरोबर लागते. अमेरिकेतली वॉर्मॉथ कंपनी असले नेक करते, आणि पावणेदोन इंची म्हणजे ४४.५ मिमी रुंद नटचा नेकही त्यांच्याकडं मागता येतो. मागवताना टाचेची (नेकचं बॉडीत बसणारं टोक) रुंदी साधारण ५६ मिमी, खड्ड्याची खोली साधारण १६ मिमी, आणि चार स्क्रूंचा चौकोन ५१ बाय ३८ मिमी, हे फेंडरचं माप. तुमची बॉडी स्वस्तातली असेल तर हे माप तिला लागू असेलच असं धरून चालू नका, मोजा. टाच टेलीची सपाट असते आणि स्ट्रॅटची गोलसर, तेही बघा.

परदेशातून मागवणार असाल तर किमतीवर शिपिंग, कस्टम ड्युटी आणि जीएसटी मिळून बरीच भर पडते, आधी हिशोब मांडा आणि मगच उत्साह करा. रोजवूडच्या फिंगरबोर्डची भीती मात्र आता नको, २०१७ ला सगळ्या रोजवूडवर कागदपत्रांची सक्ती आली होती पण २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. ब्राझीलचं रोजवूड सोडून, त्याचा नियम कडकच आहे. ही सूट तयार वाद्याला आणि त्याच्या तयार भागांना आहे हे लक्षात ठेवा, तरी सुटा नेक मागवताना विक्रेत्याला विचारून घ्या, किंवा सरळ मेपलचा बोर्ड घ्या आणि प्रश्नच मिटवा.

शोधायचं कुठं. आपला भाग यासाठी खरंतर मोक्याचा आहे, लोकांना वाटतं पुणे-मुंबईलाच सगळं मिळतं, पण नकाशा बघा की, चोर्ला घाट उतरला की गोवा, इकडं हुबळी-धारवाड, तिकडं कोल्हापूर आणि पुढं मिरज. गोव्यात हॉटेल आणि बीचवर वाजवणारे लोक भरपूर, त्यांच्याकडं गिटारी येतात-जातात, सीझन संपल्यावर म्हणजे एप्रिल-मे मध्ये विक्रीच्या जाहिराती जरा जास्त बघा, पाऊस सुरू व्हायच्या आत. मडगाव, म्हापसा, वास्को अशी वेगवेगळी नावं टाकून बघा, नुसतं गोवा टाकून सगळं येत नाही. बेळगावातच बघायचं तर इंजिनिअरिंग आणि मेडिकलची बाहेरगावची पोरं कोर्स संपवून परत जाताना सामान विकतात, त्यात कधीकधी घरून आणलेली चांगली गिटार असते आणि तिची किंमत त्यांना रूम खाली करायच्या घाईपुढं महत्त्वाची वाटत नसते. कॅम्प भागातली आणि खानापूरकडची चर्चमध्ये वाजवणारी मंडळी, ऑर्केस्ट्रातले जुने गिटारवाले, यांना तोंडी सांगून ठेवा. ही माणसं ऑनलाइन जाहिरात टाकत नाहीत, फोन करतात. ऑर्केस्ट्रावाल्यांकडं गणपती-नवरात्र झाल्यावर जा, आधी गेलात तर त्यांना बोलायलाही वेळ नसतो.

भाषेचा आपल्याला फायदा आहे तो घ्या. धारवाडच्या माणसाला कन्नडमधून "लास्ट रेट एष्टु" विचारलं, गोव्याच्या माणसाशी कोकणी-मराठी मिसळून बोललं, की माणूस मोकळा होतो आणि गिटारीचा खरा इतिहास सांगतो, कुठं पडली होती, फ्रेट कधी बदलले, मूळ पिकअप कुठं ठेवलाय.

ऑनलाइन सर्चमध्ये एक लक्षात ठेवा, विकणाऱ्याला आपल्याकडं काय आहे हे बऱ्याचदा माहीत नसतं. तो "इलेक्ट्रिक गिटार गुड कंडिशन" एवढंच लिहितो. म्हणून पी-९० टाकून शोधण्यापेक्षा ब्रँड आणि गाव टाकून फोटो बघत जा. पिकअप फोटोत ओळखता येतो, सोपाच्या वडीसारखा जाड चौकोन आणि मधून सहा स्क्रू दिसले तर पी-९०, बारीक पट्टी तर सिंगल, दोन रांगा तर हंबकर. हेडस्टॉकचा (नेकचं खुंट्यांचं टोक) फोटो झूम करून ट्रस रॉडचं (नेकचा बाक सांभाळणारी आतली सळी) झाकण, ट्यूनर आणि नट बघा. परदेशी बाजारासाठी रिव्हर्ब या वाद्यविक्रीच्या वेबसाइटवर जुन्या विक्रीचे भाव दिसतात, विकत तिथून नाही घेतलं तरी कुठल्या गोष्टीला किती किंमत आहे याचा अंदाज येतो.

विकणाऱ्याला पहिला मेसेज कसा टाकायचा ते लिहून देतो, कॉपी करा आणि लागेल त्या भाषेत फिरवा:

"नमस्कार, गिटार अजून आहे का? असेल तर थोडं मोजून सांगाल का. नटपाशी नेकची रुंदी किती मिमी, नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत किती मिमी. नेक स्क्रूने बसवलाय की चिकटवलेला? पिकअप कंपनीचेच आहेत की बदललेत, बदलले असतील तर जुने आहेत का? हेडस्टॉक मागून-पुढून, नेक बॉडीला लागतो ती जागा, आणि सगळ्यात वरचे पाच फ्रेट जवळून, एवढे फोटो पाठवा. साध्या पट्टीने मोजलं तरी चालेल. मी स्वतः येऊन बघून घेईन."

शेवटचं वाक्य ठेवाच. येऊन बघतो म्हटल्यावर जो आधी पैसे पाठवा म्हणतो त्याला तिथंच सोडा. लांबच्या गावाचा सौदा असेल तर तिथला कोणी ओळखीचा पाठवा, व्हिडिओ कॉलवर वाजवून दाखवायला सांगा, टोकन द्यायचंच तर एवढं द्या की गेलं तरी झोप लागेल.

बघायला जाताना खिशात व्हर्नियर किंवा पट्टी, एक मल्टिमीटर आणि एक गिटार केबल घ्या. पिकअप खरा काय आहे ते मल्टिमीटर सांगतो आणि त्यासाठी गिटार उघडावी लागत नाही. केबल गिटारीत लावा, दुसऱ्या टोकाच्या जॅकच्या टोकाला एक प्रोब आणि बाजूच्या दांड्याला दुसरा, व्हॉल्यूम पूर्ण, सिलेक्टर एका पिकअपवर, मीटर २० किलो-ओहमवर. साधारण साडेपाच ते साडेसहा आलं तर स्ट्रॅटवाला सिंगल कॉइल, सात ते नऊ आलं तर पी-९० किंवा जुन्या पद्धतीचा हंबकर, बारा-सोळा आलं तर गरम, म्हणजे जास्त जोराचा, हंबकर. व्हॉल्यूमच्या पॉटमुळे (बटणाखालचा फिरता रेझिस्टर) आकडा खऱ्यापेक्षा किंचित कमी दिसतो, ते धरून चला. काहीच आलं नाही तर तार तुटलीय किंवा पिकअप मेलाय, भाव तिथूनच बोलायला सुरू करा. बॅटरीवाले पिकअप, ईएमजी वगैरे, यांना ही तपासणी लागू नाही, तिथं आकडा काहीही दाखवतो.

नेक बघताना डोळा हेडस्टॉकपाशी ठेवून दोन्ही कडा बघा, रेल्वेच्या रुळासारख्या समांतर गेल्या पाहिजेत. थोडा बाक चालतो, तो पाहिजेच, जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटला दाबली की सातव्या-आठव्या फ्रेटवर पाव मिमीच्या आसपास फट दिसावी. पीळ मात्र चालत नाही, एक कड वर आणि एक खाली दिसली तर नमस्कार करून निघा, नेक कितीही मनासारखा असला तरी. ट्रस रॉड मालकासमोर, त्याला विचारून, थोडा फिरवून बघा, गच्च अडकलेला किंवा मोकळा फिरणारा रॉड म्हणजे नेकचा खर्च तुमच्या गळ्यात. चिकटवलेल्या नेकला टाचेपाशी आणि हेडस्टॉकच्या मागं बोट फिरवा, जोडलेली चीर रंगाखाली डोळ्याला दिसत नाही पण नखाला लागते.

हवामानाचं इथं खास सांगतो. खानापूर, कणकुंबी, लोंढा पट्ट्यातली गिटार जुलै-ऑगस्टमध्ये बघाल तर लाकूड फुगलेलं असतं, नेक पुढं वाकलेला दिसतो, तारा उंच. अथणीकडं एप्रिलमध्ये बघाल तर लाकूड आटून फ्रेटची टोकं कडेला हाताला लागतात. दोन्ही गोष्टी दुरुस्त होतात आणि दोन्हींवर भाव कमी करून मिळतो. पण पावसाळ्यात घेतलेल्या गिटारीचा ट्रस रॉड त्याच दिवशी शेवटचा म्हणून लावू नका, दिवाळीनंतर परत बघावा लागतो.

घरी आली की काम कोणाकडून करायचं. पिकअप बदलायला गिटारचाच कारागीर पाहिजे असं नाही, जुना रेडिओ-टीव्ही-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा माणूस चांगलं सोल्डर करतो, फक्त त्याला वायरिंगचा कागद छापून द्या आणि सांगा की पॉटच्या पाठीवर जास्त वेळ आयर्न धरू नको. सिंगल कॉइलला २५० किलो-ओहमचे पॉट आणि हंबकरला ५०० चे ही साधी रीत. पी-९० ला दोन्ही चालतात, मला ५०० आवडतात, आवाज उघडा राहतो. दोन वेगळ्या कंपन्यांचे पिकअप एकत्र केले की एक अडचण हमखास येते, एकेकटा चांगला वाजतो आणि मधल्या पोझिशनला दोन्ही एकत्र लावले की आवाज नाकात गेल्यासारखा, पातळ. पिकअप खराब नसतो, दोघांची फेज उलट असते, म्हणजे एकाची लहर दुसऱ्याची कापते. एकाच्या दोन वायरी आपसात बदला, झालं. फक्त त्या पिकअपच्या वायरीवरची बाहेरची जाळी आणि ग्राउंड एकच असेल तर वायरी बदलता येत नाहीत, म्हणून घेतानाच दोन वेगळ्या वायरी आणि वेगळी जाळी असलेला घ्या.

नेकचा कोन थोडा बदलायला टाचेखाली पातळ पट्टी लागते ती, किंवा पिकअपची मापाबाहेरची रिंग, हे उद्यमबागेतल्या छोट्या वर्कशॉपमध्ये करून मिळतं, चित्र काढून मिमीमध्ये माप लिहून द्या, "गिटारचं आहे" एवढं सांगून उपयोग नाही. हाडाचा नट घडवायचा असेल तर मिरजेला जाऊन विचारा. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं ते उगाच नाही, घोडीची जवारी काढणाऱ्या माणसाला केसभर जास्त घासलं तर काय होतं ते कोणी शिकवावं लागत नाही. इलेक्ट्रिक गिटारचे फ्रेट मात्र वेगळं काम आहे, तिथं त्याचाच जाणकार बघा, पुणे किंवा बेंगळूरला जावं लागलं तरी. नट करून घेताना जुना नट आणि तुम्ही वापरणार त्याच तारांचा नवीन सेट बरोबर न्या, खाच तारेच्या जाडीची पडते, दहाच्या (तारांच्या जाडीचा नंबर) सेटसाठी पाडलेल्या खाचेत अकराच्या सेटची तार अडकते आणि ट्युनिंग टिकत नाही.

सगळं बसवल्यावर पिकअपची उंची. शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेपासून पिकअपपर्यंत अडीच मिमीच्या आसपास आणि बारीक तारेखाली दोन मिमी, इथून सुरुवात करा आणि कानाने पुढं जा. पी-९० ला आधी आख्खा पिकअप थोडा खाली ठेवा आणि मग सहा स्क्रू एकेक करून वर घ्या, बी आणि जी तारेत फरक लगेच ऐकू येतो, जी चा स्क्रू बहुतेक वेळा बाकीच्यांपेक्षा खालीच राहतो. रुंद नेक असेल तर बाहेरच्या दोन तारा खिळ्यांच्या थोड्या बाहेरून जातात, त्या दोन स्क्रूंना अर्धा फेरा जास्त वर काढा.